हुगळीकाठचा ताग: भाव, भांडवल, मजुरी आणि हक्क यांचा मेळ

सरकारी धान्यखरेदीत वापरल्या जाणाऱ्या तागाच्या एका बी-ट्विल गोणीचे वजन ५८० ग्रॅम असते आणि तिच्यात ५० किलो धान्य मावते. पंजाबच्या मंडीत किंवा विदर्भातल्या धान खरेदी केंद्रावर ही गोणी पोहोचेपर्यंत तिच्या किमतीवर अनेक कार्यालयांचे निर्णय झालेले असतात. कच्च्या तागाचा हमीभाव कृषी मूल्य आयोगाच्या शिफारशीवरून केंद्रीय मंत्रिमंडळ ठरवते. त्या भावाने खरेदी करण्याचे काम वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या अखत्यारीतील भारतीय ताग महामंडळाकडे असते. किती धान्य गोणीत भरायचे हे कायद्याने ठरते, किती गोण्या लागतील हे अन्न महामंडळ आणि राज्यांच्या खरेदी यंत्रणा सांगतात, आणि गोणीचा दर टॅरिफ कमिशनच्या अभ्यासावरून बांधलेल्या सूत्राने निघतो. गिरणीतल्या कामगाराची मजुरी मात्र कोलकात्यात, राज्याच्या कामगार खात्यासमोर होणाऱ्या त्रिपक्षीय करारात ठरते. भविष्य निर्वाह निधी (पीएफ) आणि कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) यांचे दर पुन्हा दिल्लीत ठरतात, तर बांगलादेशातून येणाऱ्या मालावरचा कर वाणिज्य आणि अर्थ खात्यांच्या हाती असतो.

आर्थिक धोरणांचा समन्वय म्हणजे काय, हे समजून घ्यायला कोलकात्याजवळच्या हुगळीकाठच्या चटकलांइतके (ताग गिरण्यांइतके) बोलके उदाहरण भारतात दुसरे क्वचितच सापडेल. उत्पादन वाढावे, यंत्रांत भांडवल यावे, मजुराला जगण्यापुरते वेतन मिळावे आणि म्हातारपण, आजारपण यांची हमी असावी, ही चारही उद्दिष्टे सर्वांना मान्य असतात. पण त्यांचा पाठपुरावा वेगवेगळ्या खात्यांत, वेगवेगळ्या वेळी आणि एकमेकांशी न बोलता झाला की एकाचा निर्णय दुसऱ्याच्या मुळावर येतो. ताग उद्योगाच्या इतिहासात मेळ घालण्याचे प्रयत्न वारंवार झाले. तो कोणी घातला, कोणाच्या सोयीने घातला आणि चुकला तेव्हा भरपाई कोणी केली, या प्रश्नांची उत्तरे मात्र दर वेळी सारखी नव्हती.

हुगळीकाठची पहिली ताग गिरणी १८५५ मध्ये रिश्रा येथे उभी राहिली. जॉर्ज अ‍ॅकलंड यांनी एका बंगाली भांडवलदाराच्या साथीने ती काढली. पुढच्या अर्धशतकात टिटागड, भाटपाडा, नैहाटी, भद्रेश्वर, चांपदानी, बजबज अशी नदीच्या दोन्ही तीरांवर गिरण्यांची रांग लागली आणि स्कॉटलंडमधील डंडीची मक्तेदारी मोडली. गिरणीमालकांची संघटना १८८४ मध्ये स्थापन झाली. तिने केलेले सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे उत्पादन आवरण्याचे करार. मागणी घटली की सगळ्या गिरण्यांनी आठवड्याचे तास कमी करायचे, म्हणजे मालाचा भाव टिकतो, ही पद्धत १८८६ पासून सुरू झाली. हा समन्वय शिस्तबद्ध होता, पण त्यात फक्त मालक होते. तागाचा शेतकरी आणि गिरणीतला मजूर त्या बैठकीत नव्हते; तास कमी झाल्याचा तोटा मजुरीत आणि कच्च्या मालाच्या पडलेल्या भावात त्यांच्याकडे यायचा.

१९२९ मध्ये हे उघड झाले. त्या वर्षीच्या जुलैपासून आठवड्याचे तास ५४ वरून ६० करण्यात आले. वाढलेल्या तासांच्या प्रमाणात मजुरी वाढली नाही, आणि गिरण्यांमध्ये सार्वत्रिक संप झाला. प्रभावती दासगुप्ता या संपाच्या प्रमुख नेत्या होत्या. १९३७ च्या संपात दोन लाखांहून अधिक कामगार उतरले. बिहार, पूर्व उत्तर प्रदेश, ओडिशा आणि आंध्रच्या किनाऱ्यावरून आलेले हे कामगार सरदाराच्या हाताखाली भरती होत. मुंबईच्या गिरणगावात जॉबर किंवा मुकादमाचे जे स्थान होते तेच इथे सरदाराचे होते. काम देणारा, कर्ज देणारा आणि खोलीची सोय लावणारा माणूस एकच असल्याने मजुरीचा प्रश्न कारखान्याच्या फाटकापाशी संपत नसे.

महसुलाच्या वाटणीतही तागाने समन्वयाचा एक जुना धडा घालून दिला. ताग बंगालच्या शेतात पिके, पण त्यावरचा निर्यातकर केंद्राच्या तिजोरीत जाई. हा अन्याय असल्याची तक्रार बंगालने अनेक वर्षे केली. १९३६ च्या निमेयर निवाड्याने त्या कराच्या निव्वळ उत्पन्नापैकी ६२.५ टक्के वाटा ताग पिकवणाऱ्या प्रांतांना दिला. संविधानाच्या अनुच्छेद २७३ ने त्याची जागा घेतली आणि आसाम, बिहार, ओडिशा व पश्चिम बंगाल यांना जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी अनुदान देण्याची तरतूद केली. संपत्ती एका ठिकाणी निर्माण होते आणि कर दुसऱ्या ठिकाणी जमा होतो, तेव्हा दोघांमध्ये ठरलेले आणि लेखी सूत्र हवे, हे तत्त्व भारतीय संघराज्यात येण्यामागे तागाचा वाटा आहे.

फाळणीने या व्यवस्थेचे दोन तुकडे केले. शंभरहून अधिक गिरण्या सगळ्या भारतात, बहुतेक पश्चिम बंगालमध्ये, राहिल्या आणि ताग पिकवणारी बहुतांश जमीन पूर्व पाकिस्तानात गेली. सप्टेंबर १९४९ मध्ये पौंडाच्या पाठोपाठ भारताने रुपयाचे अवमूल्यन केले, पाकिस्तानने केले नाही. रातोरात १०० पाकिस्तानी रुपयांसाठी १४४ भारतीय रुपये मोजण्याची वेळ आली. भारताने हा दर मानण्यास नकार दिला आणि व्यापार ठप्प झाला. एका बाजूला पूर्व पाकिस्तानातील नारायणगंजच्या परिसरात ताग पडून राहिला, दुसऱ्या बाजूला गिरण्यांना कच्चा माल मिळेना आणि कामगारांचे तास कापले गेले. फेब्रुवारी १९५१ मध्ये दोन्ही देशांत करार झाल्यावर व्यवहार पुन्हा सुरू झाले. तोवर भारताने तागाखालची जमीन वाढवण्याचा निर्णय घेतला होता आणि नदिया, मुर्शिदाबाद, कूचबिहार, चोवीस परगणा या जिल्ह्यांत भाताची जमीन तागाकडे वळू लागली होती. एकाच अर्थव्यवस्थेच्या दोन भागांनी चलनाचे निर्णय परस्पर घेतले तर त्याची किंमत शेत आणि कारखाना दोघेही मोजतात, हे त्या दीड वर्षाने दाखवले.

स्वातंत्र्यानंतर मजुरी आणि सामाजिक हक्कांची चौकट झपाट्याने उभी राहिली. १९४८ मध्ये किमान वेतन कायदा आणि कर्मचारी राज्य विमा कायदा झाला, १९५२ मध्ये भविष्य निर्वाह निधीचा कायदा आला, १९७२ मध्ये ग्रॅच्युइटीचा. ताग उद्योगासाठी १९६० मध्ये केंद्रीय वेतन मंडळ नेमले गेले. पुढे वेतन मंडळाची जागा उद्योगव्यापी त्रिपक्षीय करारांनी घेतली. मालकांची संघटना, सर्व राजकीय रंगांच्या कामगार संघटना आणि राज्य सरकार एकत्र बसून सगळ्या गिरण्यांसाठी एकच करार करतात. मुंबईत १९४६ च्या औद्योगिक संबंध कायद्याने एका उद्योगात एकाच संघटनेला प्रतिनिधित्वाचा अधिकार दिला होता, आणि १९८२ मध्ये दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कापड कामगार संपावर गेले तेव्हा त्याच तरतुदीमुळे वाटाघाटीचा रस्ता बंद झाला. हुगळीकाठी अनेक संघटनांना टेबलावर जागा मिळाली. इथेही लढे कमी झाले नाहीत, १९८४ चा संप ८४ दिवस चालला. पण प्रत्येक मोठ्या संपाचा शेवट नव्या करारात झाला.

हा करार कामगाराच्या हातात वेतनचिठ्ठीच्या रूपाने येतो. तिच्यात मूळ वेतन, महागाई निर्देशांकाशी जोडलेला भत्ता आणि घरभाडे भत्ता असतो. कपातीच्या रकान्यात पीएफ असतो. बहुतेक उद्योगांत पीएफचा दर १२ टक्के असतो, पण ताग हा आजारी आणि श्रमप्रधान उद्योग मानला गेल्याने इथे तो १० टक्के आहे. म्हणजे मालकाला दिलेली सवलत कामगाराच्या निवृत्तीच्या रकमेतून जाते. ईएसआयसाठी कामगाराच्या वेतनातून ०.७५ टक्का आणि मालकाकडून ३.२५ टक्के जमा होतात. जानेवारी २०२४ च्या त्रिपक्षीय करारात नव्याने लागणाऱ्या कामगाराची रोजची मजुरी ४८५ रुपये ठरली. २०१९ च्या करारात ती ३७० रुपये होती. मात्र ही चिठ्ठी सगळ्यांना सारखी मिळत नाही. कायम कामगार, स्पेशल बदली, बदली आणि कंत्राटी अशा पायऱ्या आहेत. बदली कामगार पाळी सुरू होण्याआधी फाटकावर येतो. कायम माणूस गैरहजर असेल तर काम मिळते, नाहीतर त्या दिवसाची मजुरी बुडते. वर्षाचे दिवस पुरे भरले नाहीत तर ग्रॅच्युइटीचा हिशेबही अडतो. कराराने मजुरीचा दर ठरतो, पण ती मजुरी किती दिवस मिळणार हे गिरणीच्या मागणीवर आणि कच्च्या मालावर अवलंबून राहते.

ती मागणी साठच्या आणि सत्तरच्या दशकांत जगभर घटली. पाश्चात्त्य देशांत धान्य आणि खते मोठ्या प्रमाणावर मोकळी भरून नेली जाऊ लागली आणि पॉलिप्रॉपिलीनने गालिच्यांच्या पाठीचे कापड व गोण्या दोन्ही बाजारपेठा घेतल्या. सरकारने १९७१ मध्ये शेतकऱ्याच्या बाजूने ताग महामंडळ स्थापन केले. १९८० मध्ये राष्ट्रीय ताग उत्पादन महामंडळाकडे सहा आजारी गिरण्या सोपवल्या. त्यांतली एक बिहारमध्ये कटिहारला होती. ते महामंडळ बंद करण्याचा निर्णय केंद्राने २०१८ मध्ये घेतला. या सर्वांहून खोल परिणाम केला तो १९८७ च्या ताग वेष्टन सक्ती कायद्याने. ठरावीक मालाचे ठरावीक प्रमाण तागाच्या गोणीतच भरावे लागेल, असे त्यात आहे. सिमेंट कंपन्यांनी कायद्याला आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये तो वैध ठरवला. पुढे सिमेंट आणि खते सक्तीतून सुटली. आज अन्नधान्यासाठी १०० टक्के आणि साखरेसाठी २० टक्के सक्ती आहे.

या कायद्याने उद्योग वाचला, हे निर्विवाद. सरकारी माहितीनुसार सुमारे चार लाख गिरणी कामगार आणि चाळीस लाख शेतकरी कुटुंबे तागावर अवलंबून आहेत. एकूण उत्पादनाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग गोण्यांचा असतो आणि त्यांतल्या बहुसंख्य गोण्या अन्न महामंडळ व राज्ये विकत घेतात. पण वाचवण्याचा खर्च कोणाच्या तरी खात्यात पडतो. धान्याच्या गोणीची किंमत अन्न अनुदानात मिसळते, म्हणजे ती करदात्याकडून येते. साखरेच्या बाबतीत ती कारखान्याकडून आणि अखेर ऊस उत्पादकाकडून येते. महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखान्यांना ही सक्ती चांगलीच परिचित आहे. तागाचे तंतू साखरेत मिसळतात आणि बारदानाचा खर्च वाढतो, ही साखर उद्योगाची जुनी तक्रार आहे. बंगालच्या एका शेतकऱ्याला दिलेला आधार महाराष्ट्राच्या दुसऱ्या शेतकऱ्याच्या हिशेबात उतरतो. अशा वेळी आधार योग्य की अयोग्य, एवढे विचारून भागत नाही. किती, किती काळ आणि कशाच्या बदल्यात, हेही ठरवावे लागते.

बदल्यात काय, हा प्रश्न गुंतवणुकीपाशी येतो. हमखास गिऱ्हाईक आणि खर्चावर बांधलेला दर मिळाल्यावर नवी यंत्रे घेण्याची निकड कमी होते. कित्येक गिरण्यांत जुनी यंत्रे चालत राहिली, आणि विविध वस्तूंच्या उत्पादनापेक्षा गोणीच सोयीची ठरली. २००५ चे राष्ट्रीय ताग धोरण आणि २००६ मध्ये सुरू झालेले ताग तंत्रज्ञान अभियान यांनी आधुनिकीकरण, बियाणे आणि ताग कुजवण्याच्या सुधारित पद्धतींवर भर दिला. तरीही सक्तीचा लाभ घेणाऱ्या गिरणीने त्या लाभातला किती भाग यंत्रांत घालावा किंवा पीएफ आणि ग्रॅच्युइटीची थकबाकी आधी फेडावी, अशी अट सरकारी खरेदीला ठोसपणे जोडली गेली नाही. तिजोरीतून सुरक्षित मागणी मिळणाऱ्या उद्योगात निवृत्त कामगाराला स्वतःच्या ग्रॅच्युइटीसाठी वर्षानुवर्षे खेटे घालावे लागणे, हे समन्वयाच्या अभावाचे सर्वांत वेदनादायक रूप आहे. वस्त्रोद्योग, अन्न आणि कामगार या तीन खात्यांची कागदपत्रे एकत्र ठेवली असती तर ही अट लिहिणे अवघड नव्हते.

निर्णय एकमेकांशी न जुळल्यास काय घडते, हे २०२१-२२ मध्ये स्पष्ट दिसले. मे २०२० मधील अम्फान चक्रीवादळाने पिकाचे नुकसान केले आणि कच्च्या तागाचे भाव चढले. २०२१-२२ चा हमीभाव ४,५०० रुपये क्विंटल होता, बाजारभाव त्याच्या कितीतरी वर. साठेबाजी रोखण्यासाठी ताग आयुक्तांनी ३० सप्टेंबर २०२१ रोजी ६,५०० रुपयांची कमाल मर्यादा घातली. गोणीचा दर त्या मर्यादेवर मोजला जाऊ लागला, पण बाजारात त्या भावाने ताग मिळत नव्हता. जास्त भावाने घेणे नियमबाह्य आणि तोट्याचे, न घेतले तर यंत्रे थांबणार, अशा पेचात अनेक गिरण्यांनी फाटकावर काम स्थगितीच्या नोटिसा लावल्या. शेतकऱ्याला खुल्या बाजाराचा पूर्ण लाभ नाही, गिरणीला माल नाही आणि अन्न महामंडळाला वेळेवर गोण्या नाहीत, असा तिहेरी तोटा झाला. त्यातही रोजची मजुरी बुडालेल्या कामगाराकडे साठा, पतपेढी किंवा वाट पाहण्याची ताकद यांपैकी काहीही नव्हते. २० मे २०२२ रोजी मर्यादा उठली. पुढे पीक भरघोस आले, भाव उतरले आणि २०२३-२४ मध्ये ताग महामंडळाला ६.२४ लाख गाठींची विक्रमी खरेदी करावी लागली. २०२५-२६ साठी हमीभाव ५,६५० रुपये ठरला होता. एका हंगामात टंचाई आणि दुसऱ्यात भावकोसळ, या चक्रात राखीव साठा आणि गोणीच्या दराचे सूत्र यांची सांगड घालणे हे अजून पूर्ण न झालेले काम आहे.

सीमेपलीकडचे धोरणही यात येते. बांगलादेश आणि नेपाळमधून येणाऱ्या ताग मालावर भारताने जानेवारी २०१७ मध्ये अँटी-डम्पिंग शुल्क लावले. जून २०२५ मध्ये बांगलादेशातील ताग मालाला जमिनीवरील सर्व सीमाठाणी बंद करून फक्त न्हावा शेवा बंदरातून प्रवेश ठेवला गेला. पेट्रापोल सीमाठाण्याहून काही तासांत कोलकात्याला पोहोचणारा माल आता रायगड जिल्ह्यातून फिरून येतो. अशा निर्णयांनी गिरण्यांना संरक्षण मिळते, पण कच्चा माल ज्या शेजाऱ्याकडून येतो त्याच्या प्रत्युत्तराची जोखीमही पत्करावी लागते.

धोरणांच्या समन्वयाचे हेच प्रश्न युरोपीय संघाने मोठ्या पटावर हाताळले आहेत. २००८ नंतरच्या आर्थिक संकटातून २०११ मध्ये ‘युरोपियन सेमिस्टर’ नावाचे वार्षिक वेळापत्रक सुरू झाले. शरद ऋतूत युरोपीय आयोग संपूर्ण संघाचा आर्थिक आढावा घेतो, वसंतात सदस्य देश आपापल्या योजना मांडतात आणि त्यानंतर प्रत्येक देशाला स्वतंत्र शिफारशी मिळतात. तूट सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ३ टक्क्यांत आणि कर्ज ६० टक्क्यांत ठेवण्याचे निकष या चौकटीत आहेत. सुरुवातीच्या वर्षांत तराजू वित्तीय शिस्तीकडे झुकला. कर्ज देणाऱ्यांच्या अटींखाली ग्रीसने फेब्रुवारी २०१२ मध्ये किमान वेतन २२ टक्क्यांनी आणि पंचविशीच्या आतील तरुणांसाठी ३२ टक्क्यांनी कापले. त्या अनुभवानंतर सामाजिक बाजूला स्वतंत्र वजन देण्याची गरज मान्य झाली. नोव्हेंबर २०१७ मध्ये गोथेनबर्ग येथे सामाजिक हक्कांची वीस तत्त्वे जाहीर झाली आणि त्यांच्या प्रगतीचे निर्देशक वार्षिक आढाव्यात आले. २०२२ च्या किमान वेतन निर्देशाने मध्यक वेतनाच्या ६० टक्के हा पुरेशा वेतनाचा एक संदर्भ मानला, आणि ज्या देशांत ८० टक्क्यांपेक्षा कमी कामगार सामूहिक करारांखाली आहेत त्यांना कृती आराखडा करायला सांगितले.

युरोपचा अनुभव जसाच्या तसा हुगळीकाठी आणता येणार नाही. तिथे सार्वभौम देशांमधला समन्वय आहे, इथे एका संघराज्यातील केंद्र आणि राज्य यांच्यातला. पण त्यातून तीन गोष्टी घेता येतात. पहिली म्हणजे वेळापत्रक: हमीभाव, गोणीचा दर, खरेदीचा अंदाज आणि मजुरी यांचा आढावा एकाच वार्षिक क्रमात व्हावा. दुसरी म्हणजे सर्व बाजूंचे मोजमाप एकत्र प्रसिद्ध होणे: उत्पादन आणि निर्यातीच्या शेजारी पीएफची थकबाकी, ग्रॅच्युइटीची प्रलंबित प्रकरणे आणि बदली कामगारांना मिळालेले कामाचे दिवस यांचे आकडे हवेत. तिसरी म्हणजे प्रतिनिधित्व. ते ताग उद्योगाकडे आधीच आहे. त्रिपक्षीय कराराची परंपरा ही बंगालची मोठी मिळकत आहे. तिच्यात शेतकरी आणि खरेदीदार संस्था यांना जागा देणे हा तिचाच पुढचा टप्पा ठरेल.

मजुरी आणि हक्कांच्या भारतीय चौकटीत आता नवा घटक आला आहे. २०१९ आणि २०२० मध्ये संमत झालेल्या चार श्रम संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. वेतन संहितेनुसार केंद्र सरकार पायाभूत वेतन ठरवणार आणि राज्यांचे किमान वेतन त्याच्या खाली जाऊ शकणार नाही. सामाजिक सुरक्षा संहितेत ठरावीक मुदतीच्या कामगाराला वर्षभराच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो. या तरतुदी फाटकावर उभ्या असलेल्या बदली कामगारापर्यंत कशा पोहोचतात, हे राज्यांच्या नियमांवर, निरीक्षणावर आणि संघटनांच्या ताकदीवर अवलंबून राहील.

ताग उद्योगाच्या अभ्यासात म्हणून चार खाती एकत्र उघडून पाहावी लागतात: शेतकऱ्याचा भाव, गिरणीचे भांडवल, कामगाराची मजुरी व हक्क, आणि गोणीची किंमत मोजणारा करदाता. १९२९ मध्ये तास वाढले, १९४९ मध्ये विनिमय दर तुटला, २०२१ मध्ये भावमर्यादा आली. तिन्ही वेळा एका खात्यातला निर्णय उरलेल्या तिघांना न विचारता झाला आणि सर्वांत जड वाटा कामगाराकडे गेला. वाढ आणि हक्क यांच्यात निवड करावी लागते, असे या इतिहासातून निघत नाही. गिरणी चालू राहिली तरच मजुरी मिळते, आणि मजुरी व निवृत्तीची हमी असेल तरच कुशल हात गिरणीत टिकतात. ही सांगड आपोआप बसत नाही. ती कराराने, अटींनी आणि जाहीर हिशेबाने बसवावी लागते.